हरिणांचें शेत

‘अमेरिकेंत जाऊन काय पाहिलेंत?’ असें परत आल्यावर जो तो विचारतो. गगनचुंबी इमारती आणि नायगाराचा धबधबा यांविषयीं आजवर इतकें लिहिलें गेलें आहे कीं, त्यांत माझ्यासारख्यानें भर घालण्याचें कांहीं प्रयोजन नाहीं. माझ्या मनांत घर करून राहिलें आहे तें अर्ध्या एकराचें एक शेत. त्यांतलें एकहि पान मालकाच्या स्वयंपाकघरांत जात नसे. तें शेत हरिणांसाठीं होतें. आणि त्यांतील तणाशीं त्याच्या मालकानें मांडलेलें युद्ध मीं दोन महिने जवळून पाहिलें.

आमचे चिरंजीव विस्कॉन्सिन संस्थानांतील मॅडिसन या राजधानीच्या शहरीं नोकरीस आहेत. मे महिन्याच्या आरंभीं आम्ही उभयतां तेथें पोंचलों. चिरंजीवांचे एक वयोवृद्ध स्नेही, निवृत्त शाळामास्तर, शहराच्या वायव्येस बराबू गांवापलीकडे राहतात. दर शनिवारीं मोटारीनें आम्ही त्यांच्याकडे जात असूं. हिमयुगांत उत्तरेकडून सरकत आलेल्या बर्फाच्या थरांनीं आसपासचा पुष्कळ मुलूख रंधा मारल्यासारखा सपाट केला. पण विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्येचा हा भाग त्यांतून सुटला. म्हणून येथें टेंकड्या आहेत, घळी आहेत, वळणें घेत जाणारे ओढे आहेत. ओकवृक्षांच्या जागीं मनानें आंबे आणि जांभळी उभ्या केल्या, कीं भोरकडचा मुलूख डोळ्यांपुढें येतो.

मास्तरांच्या घरामागें, तिन्ही बाजूंनीं रान असलेल्या एका घळींत, तें शेत आहे. त्यांत पांढऱ्या फुलांचें क्लोव्हर लावलेलें असतें. हें क्लोव्हर म्हणजे आपल्याकडील बरसीम घासाची चुलतबहीण. तीन तीन पानांची ही वनस्पति जमिनीलगत पसरते आणि एकदां लावली म्हणजे तीन ते पांच वर्षें टिकते. तिच्या पानांत प्रथिनें विपुल असल्यामुळें पाडसांना दूध पाजणाऱ्या माद्यांना आणि नवीं शिंगें फुटणाऱ्या नरांना ती फार मानवते. बीं खसखशीहून फारसें मोठें नसतें; पाव इंचाहून खोल गेलें तर तें वर येत नाहीं. म्हणून मास्तर हिंवाळा सरतांना, रात्रीं जमीन गोठते आणि दिवसा वितळते अशा दिवसांत, तें नुसतें वरून विखुरतात. गोठण्यानें पडलेल्या भेगा बीं आपसूक पोटांत घेतात.

येथवर सारें सोपें आहे. खरी कसोटी पुढें लागते, ती तणाची. क्लोव्हरच्या मुळांवर गांठी असतात आणि त्यांतील सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र जमिनींत आणून सांठवितात. पीक जसजसें जुनें होतें तसतशी जमीन समृद्ध होत जाते. आणि त्या समृद्धीवर ताव मारण्यास गवत धांवून येतें! दोन तीन वर्षांत क्लोव्हर आपल्याच कमाईवर पोसलेल्या भाऊबंदांच्या गर्दींत गुदमरूं लागतें. “म्हणून मी या शेताला नत्राचें खत कधींच घालीत नाहीं,” मास्तर म्हणाले. “माती तपासून लागेल तेवढा चुना, स्फुरद आणि पालाश घालतों. चार पांच वर्षांनीं क्लोव्हर मोडून तेथें ओट किंवा मका लावतों. सांठलेलें नत्र त्या पिकानें खाल्लें, कीं पुन्हां क्लोव्हर.”

निंदणी कां करीत नाहीं, असें मीं विचारलें. आमचें बालपण साताऱ्याकडे गेलें. तेथें भांगलणीला बायकांची ओळ बसली, कीं दुपारपर्यंत शेत आरशासारखें स्वच्छ होत असे. मास्तर हंसले. त्या देशांत अर्ध्या एकराच्या भांगलणीला मजूर मिळणें दुरापास्त आहे. तेथें यंत्राचें पातें आणि औषधाची बाटली, हीं दोनच खुरपीं.

बाटलीची कथा त्यांनीं स्वतःच सांगितली. रुंद पानांचें तण मारणारीं दोन औषधें आहेत. एकाचें नांव २,४-डी, दुसऱ्याचें २,४-डीबी. दुसरें औषध मुळांत निरुपद्रवी असतें; तण तें शोषून घेतें आणि आपल्याच पोटांत त्याचें पहिल्या विषांत रूपांतर करून मरतें. क्लोव्हरला हें रूपांतर नीटसें साधत नाहीं, म्हणून तें वांचतें. मास्तरांनीं एका वर्षीं घाईंत चष्मा न लावतां बाटली उचलली. ती पहिल्या औषधाची निघाली. पंधरा दिवसांत तीन वर्षांचें क्लोव्हर पिवळें पडून गेलें. “चाळीस वर्षें मुलांना सांगत आलों, कीं प्रश्न शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा,” ते म्हणाले, “आणि एका अक्षरानें मीच नापास झालों.” तेव्हांपासून गवतासाठीं गवतावरचें वेगळें औषध ते जपून वापरतात, पण रुंद पानांच्या तणासाठीं पात्यावरच भिस्त ठेवतात.

त्या शेतांत निळ्या फुलांचीं कांहीं झाडें पाहून मीं तीं उपटावयास वांकलों, तोंच मास्तरांनीं मला थांबविलें. ती कासनी होती. आपल्याकडे उत्तर हिंदुस्थानांत बरसीमच्या शेतांतील ती एक मोठी डोकेदुखी. येथें मात्र तीच हौसेनें क्लोव्हरबरोबर पेरतात, कारण उन्हाळ्यांत क्लोव्हर मंदावलें तरी खोल मुळांची कासनी हिरवी राहते आणि हरिणांना आवडते. तण कोणतें आणि पीक कोणतें, हें झाडाच्या कपाळीं लिहिलेलें नसतें. तेथील क्लोव्हर, कासनी आणि ज्याच्या नांवानें मास्तर दांतओठ खात तें कांटेरी थिसल, हीं तिन्ही युरोपांतून आलेलीं. मूळची रहिवासी एकच, पांढऱ्या शेपटीची हरिणें.

या थिसलनें जूनमध्यें आमची परीक्षा पाहिली. तें उपटून जात नाहीं. आपल्या लव्हाळ्याप्रमाणें जमिनींत राहिलेल्या तुकड्यांतून पुन्हां फुटतें. त्याला कळ्या धरतात त्या वेळीं मुळांतील सांठा सर्वांत कमी झालेला असतो. नेमकें तेव्हां कापलें आणि असें पुनः पुन्हां केलें, तरच तें थकतें. पातें सहा ते आठ इंचांवर ठेवावयाचें, म्हणजे तणाचें डोकें उडतें आणि क्लोव्हर खालीं सुरक्षित राहतें. परंतु हरिणी वितात तीहि मेच्या अखेरीस आणि जूनच्या आरंभीं. आई चरावयास जातांना पाडसाला उंच गवतांत निजवून जाते. आणि तें पिलूं पळत नाहीं. कोणी जवळ आलें, कीं अधिकच निश्चल होतें. यंत्र आलें तरी तसेंच.

म्हणून कापणीपूर्वीं सारें शेत पायीं तपासण्याचा मास्तरांचा नेम आहे. त्या शनिवारीं त्यांचे गुडघे सुजले होते. चिरंजीव, अकरा वर्षांचा नातू आणि मी, असे आम्ही ओळ धरून निघालों. निम्मेंअधिक शेत झालें, तोंच नातू हलकेच म्हणाला, “आजोबा, पाय टाकूं नका!” माझ्या पायापासून दोन हातांवर तें पडलें होतें, तांबूस अंगावर पांढरे ठिपके, मान जमिनीशीं टेंकलेली, डोळे उघडे. मला तें दिसलेंच नव्हतें. आम्ही हात न लावतां मागें फिरलों. मास्तरांनीं त्याच्या भोंवतीं चार काठ्या रोंवविल्या आणि मधला चौकोन सोडून बाकीचें शेत कापलें. थिसल सर्वांत दाट होतें तें नेमकें त्या चौकोनांत. “हें बीं धरणार,” ते म्हणाले. “धरूं दे.”

परततांना मोटारींत आमच्या कुटुंबानें इतके दिवस मनांत ठेवलेला प्रश्न विचारला, “अहो, हेच गृहस्थ नोव्हेंबरांत बंदूक घेऊन बसतात ना? मग ही माया कसली?” पुढील खेपेस मीं तो प्रश्न भीतभीतच त्यांच्यापुढें ठेवला. त्यांना राग आला नाहीं. नोव्हेंबरांतील नऊ दिवसांच्या शिकारींत ते एक मादी मारतात आणि ती घरांत खातात. त्या भागांतून लांडगे केव्हांच नाहींसे झाले. हरिणें बेसुमार वाढलीं, कीं ओकचें एकहि रोप वर येऊं देत नाहींत आणि मग हिंवाळ्यांत स्वतःच उपाशी मरतात. याच नदीकांठीं आल्डो लिओपोल्ड या वनशास्त्रज्ञानें १९३५ सालीं एक उजाड शेत विकत घेऊन तेथें झाडें लावलीं. हरिणांची संख्या कमी केली पाहिजे, असें सांगितल्याबद्दल त्याला लोकांचा रोष पत्करावा लागला. १९४८ सालीं शेजाऱ्याच्या रानांतला वणवा विझवितांना तो वारला. मास्तर पुढें म्हणाले, “२००२ सालापासून आमच्या हरिणांत मेंदूचा एक असाध्य रोग आढळला आहे. कळप एकत्र आले म्हणजे तो पसरतो. माझें शेतहि त्यांना एकत्र आणतें, हें मी जाणतों. म्हणून तें मोठें करीत नाहीं.”

आमच्या कुटुंबाचें समाधान झालें नाहीं. माझेंहि पुरतें झालें असें नाहीं. पण बंदूक धरणाऱ्याच त्या हातांनीं काठ्या रोंवलेल्या मीं पाहिल्या होत्या, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

आश्विनांत चिरंजीवांचें पत्र आलें. चौकोनांतील थिसलनें बीं धरलें, तें वाऱ्यानें शेतभर गेलें. आतां तीन वर्षें तरी मास्तरांना त्याशीं झगडावें लागेल. पाडस मात्र आईबरोबर संध्याकाळीं क्लोव्हर खाण्यास येतें. पत्र वाचून मीं साताऱ्यास धाकट्या भावाला लिहिलें. आम्हां चौघां भावांचें सामाईक शेत सहा वर्षें पडीक आहे आणि गाजरगवतानें भरलें आहे. प्रत्येकाला वाटतें, दुसरा पाहील. दिवाळीस सर्वांनीं तेथें जमावें आणि येतांना आपापल्या मुलांना आणावें, असें मीं कळविलें आहे. खुरपीं मी नेणार आहें.