आधी कोठा, मग दाण

वरूड तालुक्यातल्या पोट्ट्यांना आता बैल दाखवायला न्यावं लागतं. हे जरा वाढवून बोललो असेन, पण फार नाही. शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांतून निघालेली संत्र्याची कलमं बांधाबांधापर्यंत पोचली. बगीच्यात ठिबक आलं, छोटा ट्रॅक्टर आला, फवारणीचं यंत्र आलं. झाडांच्या ओळींतून वखर ओढणारी जोडी एकेका कोठ्यातून निघून गेली. राज्याचा हिशेबही तेच सांगतो. २०१२च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गाय-बैल सुमारे १ कोटी ५५ लाख होते, २०१९मध्ये सुमारे १ कोटी ४० लाख उरले. आणि आम्ही शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची माणसं चावडीवर बसून विचारतो, की जोडी हाकणारे नवे धुरकरी का तयार होत नाहीत? ज्याच्या घरी बैलच नाही, तो पोरगा कासरा धरायला कुठं शिकणार?

शंकरपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पुण्याकडे घाट असतो, सांगली-साताऱ्याकडे मैदान, आमच्याकडे दाण. सरळ, साफ केलेली धावपट्टी, हलका छकडा, दोन बैल आणि एक धुरकरी. झेंडी पडली की जोडी सुटते आणि निकाल घड्याळ देतं. सेकंदाच्या बारीक अंशावर नंबर ठरतो. आमच्या जिल्ह्यात तळेगाव दशासरचा पट नावाजलेला. तिथं बायकाही जोडी हाकतात. ज्यांना हा गड्यांचाच खेळ वाटतो, त्यांनी एकदा तिथं जाऊन यावं.

मधली काही वर्षं हा खेळ बंदच होता. २०११च्या जुलैत केंद्राच्या बंदीच्या अधिसूचनेत बैलाचं नाव आलं, ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि दाणीवर गवत उगवलं. २०१७मध्ये राज्यानं कायदा केला, पण तोही कोर्टात अडकला. १६ डिसेंबर २०२१ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ला घटनापीठानं त्या कायद्यावर शिक्का मारला. २०१४मध्ये जो चौदा वर्षांचा होता, तो पट सुरू झाला तेव्हा एकविसाचा झाला होता. हाकायला शिकायचं वय त्याच वर्षांत निघून गेलं.

आता पटावर पोरं येतात, भरपूर येतात. मोबाइल उंच धरून येतात. त्यातला एखादा माझ्यापाशी येऊन म्हणतो, “काका, मले हाकाले शिकवा ना.” माझं उत्तर ठरलेलं असतं, “पाहाटे पाचले कोठ्यात ये.” बहुतेकांचा उत्साह तिथंच संपतो. जो येतो, त्याच्या हातात मी पहिल्यांदा खराटा देतो. शेण ओढताना बैल माणसाला हुंगून ओळखून घेतो, आणि माणसालाही कळतं की हे जनावर कुठं हात लावू देतं आणि कुठं नाही. मग कुटार घालणं, ढेप भिजवणं, खुरात खडा अडकलाय का ते पाहणं. मुरमाड रस्त्यावरून जोडी चालवून आणली की मी पोराला खुरावर तळहात ठेवायला लावतो. खूर गरम लागला तर दुसऱ्या दिवशी सुट्टी. छकड्यावर बसण्याच्या आधीचं हे सगळं शिक्षण आहे, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त शिक्षण हेच आहे.

गोऱ्ह्याचं शिक्षणही असंच सावकाश चालतं. नव्याला जुन्या, शहाण्या बैलाच्या जोडीला बांधायचं. आधी नुसतं जू खांद्यावर ठेवून नांगरलेल्या मऊ रानात चालवायचं, मग मागं हलका ओंडका बांधायचा आणि छकडा सगळ्यात शेवटी. बैलाची बाजू ठरलेली असते. डाव्या अंगाला वाढलेला बैल उजवीकडे जुंपला तर तो दांड्यावर रेलतो, छकडा तिरपा होतो आणि जोडी दाणीबाहेर जाते. दोघांची चाल जुळणं हाच खरा पट. एकटा वाऱ्यासारखा पळणारा बैल जोडीत अनेकदा कुचकामी ठरतो. त्यापेक्षा सोबत्याकडे कान ठेवून पळणारा मध्यम बैल बरा.

आणि हात. कासऱ्यातून धुरकऱ्याचा हात थेट बैलाच्या वेसणीपर्यंत पोचतो. झेंडीच्या आधी जोडी थरथरत असते आणि नवख्याची बोटंही थरथरतात. त्यानं ताण दिला की बैल मान वर टाकतो, आणि पहिल्या उडीतच वेळ जातो. दोन्ही कासरे एकाच क्षणी ढिले सोडायचे, एवढंच काम. ऐकायला सोपं आहे, करताना घाम फुटतो. धाव संपली की थांबायचं नाही. कुशीचा भाता शांत होईस्तोवर जोडी हळू चालवायची, मगच पाणी.

आमच्या खेळात पाप झालंच नाही असं म्हणणारा माणूस खोटं बोलतो. तुतारीची, म्हणजे हाकायच्या काठीची, आर टोचणं, शेपूट पिरगाळणं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यकाची तपासणी होते, काठी-चाबूक चालत नाही. क्रूरतेला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. काही जुने खेळाडू या नियमांवर चरफडतात. मला विचाराल तर नवी पोरं याच नियमांत तयार झालेली बरी. टोचूनच पळवता येत असेल तर त्याला धुरकरी म्हणूच नये.

नवी माणसं खेळात कशी आणावीत, हे मला एका भलत्याच खेळातून कळलं. पुतण्यानं एकदा मोबाइलवर गोठलेल्या तळ्यावर धावणाऱ्या शिडाच्या होड्या दाखवल्या. खाली पोलादी पाती, वर शीड, वारा भरला की होडी सुटलीच. त्यांच्यात डीएन नावाचा एक वर्ग आहे. १९३७च्या सुमारास डेट्रॉइटच्या एका वर्तमानपत्राच्या कार्यशाळेत ही लहान होडी निघाली, सामान्य माणसाला घरी बांधता यावी अशी. तीच पुढं जगभर पसरली. खेळ वाढवायचा तर त्याचं लहान, परवडणारं रूप आधी काढावं लागतं, हे त्यांना तेव्हाच उमगलं होतं.

आमच्याकडे उलटी तऱ्हा. मोठ्या बक्षिसाची जाहिरात, चढ्या भावाचे बैल आणि पैसेवाल्यांची चढाओढ. संत्र्याचा भाव पडला त्या वर्षी साध्या शेतकऱ्याच्या पोरानं या गर्दीत कसं शिरायचं? आणखी एक गोष्ट पोरांपासून लपवू नये. २०१५पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हणजे पळणं संपल्यावरही बैलाला पोसायचं आहे. दहा सेकंदांच्या खेळामागं ही उरलेली वर्षं आहेत. ज्याची तयारी नसेल त्यानं जोडी घेऊ नये, दुसऱ्याची हाकावी.

स्वस्तात सुरुवात करता येते. वर्धा नदीपलीकडे आष्टी-आर्वी-कारंजा हा गौळाऊचा मुलूख. पांढरा, लांबट तोंडाचा, अंगानं सडपातळ आणि पायानं चपळ असा हा बैल इथल्या उन्हात जन्मलेला आहे. हेटीकुंडीला त्याचं सरकारी पैदास केंद्र आहे. जात कमी होत चालली आहे. लांबून महागडा बैल आणण्यापेक्षा गौळाऊचा गोऱ्हा घेऊन तो घरी वाढवला, तर खेळही टिकेल आणि जातही.

तेव्हा पट भरवणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे. पहिल्या बक्षिसातली थोडी रक्कम काढा आणि पंचविशीच्या आतल्या धुरकऱ्यांसाठी, घरी वाढवलेल्या गोऱ्ह्यांचा एक वेगळा गट ठेवा. ज्यांच्या कोठ्यात अजून जोडी आहे त्यांनी शेजारच्या पोराला हाक मारावी. बापाला विचारून न्या, आणि पहिले काही महिने त्याला छकड्यावर बसवू नका.