टायरची आंतली कड

गणपतीसाठीं पुण्याहून गुहागरला जावयाचें, आणि यंदां आईलाही न्यावयाचें ठरलें होतें. तिला चौऱ्याऐंशी वर्षें झालीं, एस. टी.च्या पायऱ्या आतां तिच्यानें चढवत नाहींत, म्हणून मोटार. वाट कुंभार्ली घाटाची आणि दिवस भाद्रपदाचे. गाडी धुऊन मीं अंगणांत उभी केली व चारी टायरांवरून नजर फिरविली. नक्षी ठळक दिसत होती. "टायर उत्तम आहेत," असें दादांना सांगूनही टाकलें.

सायंकाळीं पुतणी कंपासपेटींतील पट्टी घेऊन आली. "काका, मी मोजूं का?" तिच्या पुस्तकी उत्साहाचें मला हंसूं आलें, वस्तुतः मीं आजवर त्या खांचांत बोटही घातलें नव्हतें. तिनें दाखविलें कीं, खांचेच्या तळाशीं ठरावीक अंतरावर रबराचे आडवे उंचवटे असतात. त्यांची उंची १.६ मिलिमीटर. वरचें रबर झिजून त्यांच्या बरोबरीस आलें, कीं टायर संपला. कायद्याची किमान मर्यादाही तीच. पावसाळ्यांत मात्र तितकी वाट पाहूं नये. खांचा उथळ झाल्या म्हणजे चाकाखालच्या पाण्यास निघून जावयास वाट राहत नाहीं, चाक पाण्यावरच तरंगूं लागतें. मग ब्रेक दाबला काय नि न दाबला काय!

बाहेरच्या बाजूस पट्टीनें चार मिलिमीटर दाखविले. मी विजयी मुद्रेनें उठणार, तों ती म्हणाली, "आतां स्टिअरिंग पुरतें वळवा." पुढचें डावें चाक वळलें आणि आंतली कड उजेडांत आली. तेथें रबर उंचवट्यांशीं अगदीं समतल झालें होतें.

मधोमध झीज असेल तर हवा जास्त, दोन्ही कडांना असेल तर कमी. एकाच कडेला असेल तर बहुधा चाकाचा कोन बिघडलेला, असें तिनें सांगितलें. "कोठें आपटलें होतें का हो, काका?"

चैत्रांत एका खड्ड्यांत चाक जोरानें आपटलें होतें. घरांत मीं तें कोणालाच बोललों नव्हतों.

दादांकडे गेलों. सकाळचे शब्द परत घ्यावयाचे, तर खड्ड्याची हकीगतही सांगणें भागच होतें. त्यांनीं ती शांतपणें ऐकली. ओसरीवर जपमाळ ओढीत बसलेल्या आईकडे एकदां पाहिलें. ते रागावले असते तर बरें, असें मला वाटलें.

"उद्यां नवे टायर घाल, कोन तपासून घे, आपण परवां निघूं," ते म्हणाले. "मागचीं चाकें पाहिलींस का?"

पाहिलीं नव्हतीं. मागचीं चाकें कांहीं वळत नाहींत. विजेरी घेतली आणि ओल्या फरशीवर आडवा झालों.