टपालाची गाळणी

निवृत्तीनंतर घरच्या संगणकावर येणाऱ्या ई-मेलमध्ये कर्जाची आमिषे, लॉटरीची अभिनंदने आणि बँकेच्या नावाने पासवर्ड मागणारी बनावट पत्रेच अधिक दिसू लागली. म्हणून मी थंडरबर्डमधील जंक-गाळणीची सोय सुरू केली.

ही गाळणी आपण शिकवू तशी शिकते. आपण ज्या पत्रावर ‘जंक’ अशी खूण करतो, त्यातील शब्द ती टिपून ठेवते. नव्या पत्रातील शब्द पूर्वी कोणत्या बाजूस अधिक आढळले, यावरून ते जंक असण्याची शक्यता ती मांडते. या गणिताचे मूळ थॉमस बेझ यांच्या १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात आहे.

बँकेत चेकवरील सही पारखताना आम्ही नमुना सही समोर ठेवत असू. गाळणीलाही चांगल्या पत्रांचा नमुना दाखवावा लागतो; एरवी ती चांगल्यावरही संशय घेते.

दोन्ही चुकांचे मोल सारखे नसते. एखादी जाहिरात निसटून आत आली, तर क्षणभराचा त्रास. परंतु पत्नीच्या रक्ततपासणीचा अहवाल जंकमध्ये अडकला, तर उपचार खोळंबतील. म्हणून प्रयोगशाळेचा पत्ता मी अ‍ॅड्रेस बुकमध्ये नोंदवला आहे. तेथील नोंदलेल्यांची पत्रे जंक ठरवू नयेत, असे गाळणीला सांगता येते. गाळलेली पत्रेही मी लगेच नष्ट होऊ देत नाही. दर रविवारी तो कप्पा नजरेखालून घालतो.

ज्येष्ठ वाचकांनीही ही सवय लावून घ्यावी. मात्र त्या कप्प्यातील पत्राचा केवळ विषय आणि प्रेषक पाहावा. आतील लिंक उघडू नये.