उजवा, डावा आणि तिसरा

पुतण्या आता माझ्या हाताखाली कौल लावतो. पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओले तांदूळ लावताना त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर असतो. प्रश्न, म्हणजे देवाला घालायचे गाऱ्हाणे, मात्र अजून मीच बांधतो, आणि तो मान माझ्याने सोडवत नाही. शेजारच्या गावची माणसे 'गाऱ्हाणा तुमच्याच तोंडचा' म्हणतात तेव्हा माझी छाती फुगते.

परवा एक कुटुंब आले. विहीर पिंपळाकडे मारू की आगरात? पुतण्याने लगेच उजवीकडे पिंपळ धरला, डावीकडे आगर. मी थांबवले. दोन्हीकडे पाणी नसेल तर देवाने ते कुठल्या बाजूने सांगायचे? डावा तांदूळ पडला की हे आगर खणायला लागणार. देवाने तर फक्त पिंपळ नाकारलेला. म्हणून पिंपळाचा कौल वेगळा, आगराचा वेगळा. पाणी असेल तर उजवा, नसेल तर डावा. दोन कौलांत चार उत्तरे मावतात. हल्ली पुष्कळ ठिकाणी एकाच कौलात सगळे उरकतात, कारण मुंबईकराला रात्रीची गाडी गाठायची असते. हे देवाला कोंडीत धरणे झाले.

यावर पुतण्याने आचऱ्याच्या गावपळणीचा दाखला दिला. तिथे ग्रामदैवत रामेश्वराच्या कौलाने सगळा गाव गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर जातो आणि तीन रात्रींनंतर परतायचे का, तेही देवालाच विचारतो. "थंय एकाच कौलात दोनय येतत मां, काका?" येतात. परतायचे नाही म्हणजे बाहेरच राहायचे, तिसरे काही नाही. आंगणेवाडीला भराडीदेवीच्या जत्रेची तारीखही कौलाने ठरते, पण तिथे एक दिवस नाकारला म्हणजे दुसरा दिला असे होत नाही.

कुठल्या जोडीत तिसरे लपलेले आहे, हे समोर माणसे हात जोडून उभी असताना ओळखायचे, यातच माझी हयात गेली. 'घर विकू की वाटून घेऊ' असे भाऊ विचारतात. आहे तसेच ठेवू, हे कुणी उच्चारत नाही, आणि मागे उभ्या म्हाताऱ्या आईच्या मनात बहुधा तेच असते. तेवढ्यासाठी मी गाऱ्हाणे लांबवतो.

विहिरीचे दोन्ही कौल उजवे आले. पुतण्याला तिसरा लावून जागा देवाकडूनच ठरवून घ्यायची होती. मी नको म्हटले. दोन्हीकडे पाणी आहे म्हटल्यावर खणायचे कुठे, ते यजमानाने ठरवावे. "इचारल्यान देव रागावता काय?" असे तो अजून म्हणतो. मी अजून नकोच म्हणतो.