वाऱ्याचा रकाना

सप्टेंबरअखेर बाबा मिनेसोटात येतायत. त्यांना मिल लॅक्स तलावावर वॉलाय मासा धरायला न्यायचंय. तलाव मलाही नवाच. फोनवर नकाशा बघितला: जास्तीत जास्त खोली 42 फूट. वॉलायला अंधुक उजेडात चांगलं दिसतं, म्हणून संध्याकाळच्या जागा ठरवल्या. एक्सेल शीट बनवून पाठवली.

मालवणहून एकच प्रश्न आला, "वारो खंयसून येता?"

लाटा आदळतात त्या किनाऱ्याला बारकी मासळी गोळा होते, तिच्यामागे मोठी. माझ्या शीटमध्ये वारा नव्हताच.

माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी बाबांनी होडी विकली. त्यानंतर आम्ही दोघं पाण्यावर गेलोच नाही.

आता नवा रकाना जोडलाय. रिकामाच ठेवलाय. तो बाबा किनाऱ्यावर उभे राहून भरतील.