चिलटांची शाळा

माणसाची कीर्ती जशी दूरच्या गावी अधिक वाढते, तशी चिलटाचीही वाढत असावी, अशी शंका मला गेल्या पावसाळ्यात प्रथम आली. आमच्या पिंपळगाव बसवंतास चिलटांचे नवल कोणास वाटणार? टोमॅटोच्या दिवसांत नासका माल जेथे साचतो, तेथे त्यांचे ढगच्या ढग तरंगत असतात. पदराने वा उपरण्याने त्यांस हाकलावे, एवढाच आमचा त्यांच्याशी संबंध. अशा या क्षुद्र जीवाच्या सहवासात माझी भाची उन्हाळ्याची सारी सुटी मुंबईस घालवून आली!

ती बी. एस्सी.च्या वर्गात आहे. बंगळूर, दिल्ली व प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या संशोधकाच्या हाताखाली काम करण्यास शिष्यवृत्ती देतात; ती तिला मिळाली. विषय होता मेंदूचा. घरात आनंद झाला खरा, पण त्या आनंदात एक वेडी आशा मिसळलेली होती. माझ्या आईस, म्हणजे तिच्या आजीस, तीन वर्षांपासून विस्मृतीने घेरले आहे. कधी कधी ती मला आपला भाऊ समजून हाक मारते. "आईचं तेवढं विचारून ये हो!" माझी बहीण लेकीस म्हणाली. भाची काहीच बोलली नाही.

शेजाऱ्यांना वाटले, पोर फळमाशीवर औषध शोधावयास गेली. परंतु बागाईतदाराची फळमाशी निराळ्या कुळातली. प्रयोगशाळेत मान आहे तो आपल्या घरगुती चिलटास. त्यांची तेथे चक्क शाळा भरते! काचेच्या नळीत चिलटे घालून एक वास सोडावयाचा व त्याबरोबर विजेचा हलका झटका द्यावयाचा. दुसऱ्या वासाबरोबर झटका नाही. मग दोन्ही वासांच्या मधोमध त्यांस मोकळे सोडावयाचे. शहाणे चिलट झटक्याचा वास टाळते. चिलटे अशी शिकतात, हे 1974 साली अमेरिकेत सीमोर बेंझर यांच्या प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झाले. आणि 1976 साली, काही केल्या धडा लक्षात न ठेवणारा एक वाण तेथेच उजेडात आला. त्याचे नाव ठेवले 'डन्स', म्हणजे आपल्या मास्तरांच्या भाषेत सरळ 'ढ'. शाळेत ही पदवी मीही भूषविली असल्यामुळे मला त्या वाणाविषयी एकाएकी आपुलकी वाटली. या ढ चिलटाच्या ज्या जनुकात खोट निघाली, त्याची भावंडे माणसातही आहेत.

मुंबईस ही विद्या नवी नाही. होमी भाभांच्या बोलावण्यावरून 1962 साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेले ओबेद सिद्दीकी आणि त्यांच्या शिष्या वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी चिलटाच्या वासाचा व चवीचा शोध तेथेच घेतला. 2024 साली तर त्याच्या खसखशीएवढ्या मेंदूचा संपूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला: सुमारे 1 लाख 39 हजार पेशी आणि त्यांचे सुमारे 5 कोटी सांधे. माणसाच्या मेंदूत पेशीच सुमारे 8600 कोटी! हा आकडा भाचीने मला दूरध्वनीवर सांगितला, आणि पलीकडे बराच वेळ शांतता होती.

तिच्या हाती काय लागले? पहिले कित्येक दिवस चिलटांसाठी मक्याच्या पिठाची व साखरेची खळ शिजविण्यात गेले. पुढे प्रयोग सुरू झाला, तो शहाणी आणि ढ दोन्ही चिलटे सारखीच ढ ठरू लागली. नळ्या नीट धुतल्या न गेल्याने आदल्या दिवसाचा वास आत राहत होता, हे उमगावयास तीन आठवडे लागले. पहिले भरवशाचे आकडे मिळाले तेव्हा परतीस चार दिवस उरले होते.

जुलैअखेर ती घरी आली. बहिणीने पाण्याचा तांब्या हाती देण्यापूर्वीच विचारले, "काही औषध?"

"नाही गं आई. अजून चिलटाचंच पुरतं कळलेलं नाही."

बहीण आत निघून गेली. तिचा राग मला समजला. आणि खोटी आशा दाखविणे किती सोपे होते, हेही समजले. आई ओटीवर पिकल्या टोमॅटोंची पाटी पुढे घेऊन बसली होती. भाची तिच्याजवळ टेकली.

"कोण गं तू?"

"मी चिलटांची मास्तरीण, आजी."

आई पुष्कळ दिवसांनी हसली. "मग हाकल की त्यांना! टोमॅटो नासतील."

भाचीने ओढणीने चिलटे हाकलली. ती पुन्हा येऊन बसली, तिने पुन्हा हाकलली. दिवेलागणीपर्यंत दोघींचे तेच चालले होते.