बिबट्याचा फोटो खरा होता

पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. यात माझी एक कबुली आहे, बरेच दिवस टाळत होतो.

मार्च २०२२ मध्ये चाकण एमआयडीसीतल्या मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात बिबट्या शिरला होता, आठवतंय ना? काम थांबवून कामगारांना बाहेर काढलं आणि वनविभाग व माणिकडोह बिबट्या निवारा केंद्राच्या लोकांनी काही तासांनी त्याला भूल देऊन पकडलं. कारखान्यात बिबट्या! तरी त्या दिवशी मला एकानेही विचारलं नाही की फोटो खरा आहे का. आज तोच फोटो आला तर पहिली कमेंट काय पडेल, ते तुम्हीच सांगा.

मधल्या काळात काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात वीसेक दिवसांत तीन बळी गेले. एक लहान मुलगी, एक वृद्ध आजी आणि १३ वर्षांचा मुलगा. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला. नंतर तो बिबट्या गोळी घालून मारला. भीती खरी होती, आणि तिच्या मागोमाग एआयने बनवलेले बिबटे आले. सोसायटीच्या गेटवर बिबट्या, दुकानासमोर बिबट्या. शेवटी असली चित्रं पसरवणाऱ्यांवर कारवाई करू, असा इशारा वनविभागाला द्यावा लागला.

त्यातला एक बिबट्या मीही पसरवला.

रात्री साडेदहाला ओळखीच्या मुलाने फोटो पाठवला. कंपनीचं गेट, दिव्याखाली बिबट्या. मी विचारलं, 'नक्की ना?' तो म्हणाला, 'ग्रुपवर आलाय.' एवढ्यावर मी पेजवर टाकला. दुसऱ्या एका पेजच्या आधी टाकायचा होता, खोटं कशाला बोलू? आमचं सगळं जाहिरातीवर चालतं आणि जाहिरातवाला व्ह्यूज विचारतो. त्या रात्री सेकंड शिफ्ट सुटल्यावर खोलीवर चालत जाणाऱ्या बायका गेटच्या आत अडकून बसल्या. काही जणी पहाटेपर्यंत. घरी लहान पोरं.

सकाळी ओळखीच्या वनरक्षकाचा फोन आला. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, 'साहेब, मागच्या बोर्डवरची अक्षरं जरा वाचून दाखवा.' मी झूम केलं. लांबून मराठी वाटत होतं, पण ती अक्षरंच नव्हती, नुसत्या वेलांट्या आणि काने. पोस्ट काढली, खुलासा टाकला. पोस्ट जिथं जिथं गेली होती तिथं खुलासा गेला नाही, हे सांगायला नको.

खरी कबुली पुढची आहे.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी खेड तालुक्यातल्या एका शेतकरी काकांनी संध्याकाळी सातला फोटो पाठवला. उसाच्या कडेला बांधावर काहीतरी बसलेलं, अंधुक, हललेलं. तोंड भाजलेला मी, लगेच लिहिलं, 'काका, एआयचा नाही ना?' त्यांचा आवाजी मेसेज आला, 'कसलं एआय? बांधावर बसलंय ते. वस्तीवर सांगा की लोकांना.'

मी नाही सांगितलं. इंटरनेटवर एआय ओळखणाऱ्या साईट असतात, त्यांच्यावर फोटो टाकत बसलो. एकीने बनावट असण्याची शक्यता जास्त म्हटलं, दुसरीने बरोबर उलटं. अंधारात काढलेला, व्हॉट्सॲपवरून दाबून आलेला फोटो, मोबाईलने स्वतःच उजळलेला. त्या साईटला तरी काय कळणार? म्हटलं, सकाळी बघू.

रात्री शेजारच्या वस्तीवरची कालवड नेली.

पोस्ट टाकली असती तर कालवड वाचलीच असती, असं मी म्हणत नाही. पण गोठ्याचं दार कुणीतरी लावलं असतं. आणि ज्यांची वीज रात्री येते, ते पाणी धरायला एकटे गेले नसते. त्या रात्री दोघे जण गेले होते. परत आले, एवढंच.

सकाळी गेलो तर ओल्या मातीत ठसे होते, स्पष्ट. काका काही बोलले नाहीत, चहा दिला. तोच जास्त लागला मला.

माझ्या घरापासून ते शेत मोटारसायकलवर वीस मिनिटं. पत्रकारितेच्या डिप्लोमाला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं की बातमी देणाऱ्याशी बोला, जागेवर जा, दुसरीकडून खात्री करा. काकांना फोन केला असता तर कळलं असतं की त्यांच्याकडे त्याच बिबट्याचे आणखी चार फोटो आणि एक छोटा व्हिडिओ आहे. वनरक्षकाला फोन केला असता तर तो सांगणार होता की तोडणी सुरू झाली की बिबट्या फडातून बाहेर पडतो, त्या बाजूला हालचाल आहेच. दोन फोन. पहिल्या वेळी मी तपासल्याशिवाय विश्वास ठेवला, दुसऱ्या वेळी तपासल्याशिवाय अविश्वास. दोन्ही वेळा खुर्चीतून उठलो नाही.

आता आम्हा लोकांमध्ये आणखी एक सुरू झालंय. प्रेसनोट एआयला द्यायची आणि बातमी लिहून घ्यायची. मीही करतो, शुद्धलेखन चांगलं येतं. पण एकदा 'वावर आढळला'चं त्याने 'दहशत, नागरिक भयभीत' केलं. भयभीत कोण, कुणाला विचारलं? माझ्या नजरेतून सुटलं असतं तर माझ्या नावाने छापून आलं असतं. तेव्हापासून बिबट्याची बातमी हातानेच लिहितो. चुका असल्या तर माझ्या.

तर आता पेजवर असं चालेल. ज्याने फोटो काढला त्याच्याशी मी स्वतः बोलल्याशिवाय फोटो लागणार नाही. दुसरं पेज पुढे गेलं तर जाऊ दे. तुम्ही पाठवाल तेव्हा मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे कधी काढला ही माहिती त्यात बरेचदा टिकून राहते. जागा, वेळ लिहा. 'ग्रुपवर आलाय' असेल तर तसं सांगा, राग नाही.

आणि समोर खरंच बिबट्या असेल तर मला नंतर, आधी वनविभागाला १९२६ वर फोन. मग मला करा. रात्री दोनलाही उचलेन.